पाती फिरतात तेव्हा

यंत्र आले की आपल्याकडे बघे जमतात, आणि बघ्यांत पोरे पुढे. माळावरील घाणेरी तोडावयास ‘स्किड स्टीअर’ आणतात तेव्हा हे कौतुकच मला धास्तावते. हे बुटके वाहन मूळचे अमेरिकेतील मिनेसोटाचे. १९५७ साली केलर बंधूंनी ते टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातील घाण काढण्याकरिता बनविले. एका बाजूची चाके थांबली व दुसरीकडची चालली की ते जागच्या जागी वळते.

पुढे झुडपे तोडणारी पाती जोडली की त्याचा स्वभावच पालटतो. त्यांच्या तावडीत सापडलेला दगड वा तारेचा तुकडा गोळीसारखा सुटतो. म्हणूनच अनेक कारखानदार बघ्यांना ३०० फूट दूर ठेवावयास सांगतात. म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या चौपटीहून अधिक! चालकापुढेही सहज न फुटणारे जाड पारदर्शक दार हवे. रान आधी पायी फिरून पाहावे; गवतात दडलेली कुंपणाची तार, खुंट, खड्डे हेरावे. फिरती पाती उगाच उंच उचलू नयेत, कारण खालून उडणाऱ्या वस्तूंना वाट मोकळी होते. आणि बंद करताच जवळ जाऊ नये. तेलाचा दाब तोडल्यावरही पाती काही वेळ फिरतच राहतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या भागात असेच काम निघाले. मी चालकाला म्हणालो, “दादा, आधी दोरी बांधून हद्द आखा.” तो हसला, पण दोरी बांधली. पोरे दोरीपलीकडच्या चिंचेवर चढून बसली.