पाय ब्रेकवर, गिअर डीमध्ये

सेल्सिऑर सिग्नलला उभी आहे. गिअर डीमध्ये, पाय ब्रेकवर, एसी चालू. या एकाच अवस्थेत सीटच्या पाठीतून एक बारीक थरथर येते. न्यूट्रलला टाकली की गेली. किंचित रेस दिली की गेली. हायवेला लागल्यावर तर तिचा पत्ताच नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, तीस वर्षांच्या गाडीत एवढं चालायचंच. दुसऱ्या गाडीत चालेल, हिच्यात मला चालत नाही. ऑकलंडच्या पेनरोझ भागात माझं गॅरेज आहे, आणि या गाड्या हातात यायला लागल्यापासून माझा कितीतरी वेळ या थरथरीच्या मागे गेला आहे. तो वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

कारण ही गाडी बांधलीच मुळी त्या थरथरीविरुद्ध. टोयोटाने १९८३ मध्ये कोऱ्या कागदावरून काम सुरू केलं आणि १९८९ मध्ये गाडी रस्त्यावर आणली. अमेरिकेत तिचं नाव लेक्सस एलएस ४००, जपानात टोयोटा सेल्सिऑर. लेक्सस हे नाव जपानच्या बाजारात २००५ पर्यंत आलंच नव्हतं. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांचा आग्रह होता, की आवाज आणि कंप जिथे जन्मतो तिथेच तो मारायचा; वरून जाड थर चिकटवून दाबायचा नाही. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ एका सरळ रेषेत बसवले. अमेरिकेतल्या जाहिरातीत गाडी रोलरवर पळते आहे आणि बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा जागचा हलत नाही, हे चित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. मी ती जाहिरात पाहतो तेव्हा मला ग्लासांखालची, बॉनेटच्या आतली, कुणाला न दिसणारी रबरं आठवतात. त्या दिवशी ती नवीन होती.

ही थरथर नुसती 'आहे' म्हणून भागत नाही, ती कुठली आहे हे ओळखावं लागतं. आठ सिलिंडरचं इंजिन डीमध्ये मिनिटाला सहाशेच्या आसपास फिरत असेल, तर सेकंदाला चाळीस स्फोट होतात. हे चाळीस ठोके निरोगी इंजिनाचेच असतात. ते सीटपर्यंत पोचत असतील, तर मधलं रबर गेलं. पण एखादा सिलिंडर आळशी झाला असेल तर त्याची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते, म्हणजे सेकंदाला पाच वेळा. हे पाच ठोके पाठीला लागत नाहीत. ते स्टेअरिंगच्या कडेवर ठेवलेल्या बोटांच्या टोकांना लागतात, आणि आरशातल्या प्रतिबिंबाची कडा पुसट होते. चाळीस की पाच, एवढं ठरलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं महिनोन् महिने खातं.

चाळीसवाली असेल तर बहुतेक जण इंजिन ज्यांवर बसतं ती पुढची दोन फाउंडेशनची रबरं बदलतात, गिअरबॉक्सखालचं तिसरं विसरतात, आणि मग गाडीच्या नावाने बोटं मोडतात. या फाउंडेशनच्या पोटात द्रव असतो. तो गळून गेला की उरतं नुसतं रबर, आणि तेही वाळलेलं. नवीन बसवताना माझी एक सवय आहे, आणि ती मी कुणालाही सोडू देत नाही: सगळे बोल्ट सैल ठेवायचे, इंजिन चालू करायचं, त्याला त्याच्या जागी स्वतःहून बसू द्यायचं, मग आवळायचं. सायलेन्सरच्या हँगरचंही तसंच. जबरदस्तीने जागेवर ओढून आवळलेलं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं असतं, आणि पिळलेलं रबर काहीही अडवत नाही. सस्पेन्शनचे बुश तर गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे. हे सगळ्यांना माहीत असतं, पाळतं कोण?

खरा छळ पाचवाल्यांचा. १९९७ च्या आधीच्या इंजिनाला दोन डिस्ट्रिब्युटर असतात, म्हणजे दोन कॅप, दोन रोटर आणि जुन्या झालेल्या आठ वायरी. ते सगळं बदललं, प्लग बदलले, थ्रॉटल धुतला, कम्प्रेशन पाहिलं, तरी ठोके जात नाहीत, तेव्हा उरतो एकच संशयित: कुठूनतरी चोरून आत येणारी हवा. पहिल्या पिढीतल्या सेल्सिऑरमध्ये आत जाणारी हवा मोजणारं यंत्र फार सुंदर आहे. हवेच्या वाटेत एक अडसर असतो, त्याच्या मागे भोवरे तयार होतात, ते भोवरे एका इवल्याशा आरशाला थरथरवतात आणि त्या आरशावरून परतणाऱ्या प्रकाशावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. पण या यंत्राच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, एखाद्या रबरी नळीला केसाएवढी चीर गेली, तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. इंजिनाला पेट्रोल कमी पडतं, आणि ते कमी पडणं सगळ्यांत जास्त आयडलिंगला जाणवतं.

ती चीर शोधणं हे माझं काम होतं. माझं, म्हणजे माझ्या कानाचं.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या आवाजात कान तयार झाला. वस्ताद स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी लावून, डोळे मिटून, बेअरिंग कोणतं बोलतंय ते सांगायचे. मी ते शिकलो आणि त्याचा मला माज आला. हा माज मी इथे लिहून ठेवतो, कारण तो खरा होता आणि मला फार सुखाचा होता. चालू गाडीपाशी उभं राहायचं, मान थोडी कलती करायची आणि म्हणायचं, 'मॅनिफोल्डच्या मागची नळी.' गिऱ्हाईक थक्क होऊन बघायचं. इनटेकमध्ये धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र बाकीच्या गॅरेजवाल्यांनी कधीच घेतलं होतं. मी घेतलं नाही. पैशांचा प्रश्न नव्हता. ते यंत्र घेतलं असतं, तर माझ्या कानाला कुणी विचारलं नसतं.

मध्यंतरी एका मराठी डेंटिस्टताईंची गाडी आली, १९९१ ची, फिक्या करड्या रंगाची. आत अजून जपानी बोलणारा टेलिफोन बसवलेला होता आणि रेडिओ फक्त जपानचे एफएम पट्टे पकडायचा. पाचवाली थरथर.

'काका, मला तर काहीच जाणवत नाही हो,' त्या म्हणाल्या.

'ताई, स्टेअरिंगवर बोटं नुसती टेकवा. धरू नका.'

त्यांनी टेकवली, आणि त्यांचा चेहरा बदलला. एकदा लागलेली थरथर मग सुटत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. गाडी ठेवून घेतली.

जे नेहमी करतो ते सगळं केलं. पॉवर स्टेअरिंगच्या पंपावर आयडलिंग सावरणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो; तो फुटला की स्टेअरिंगचं तेल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं, आणि पंप गळला की थेट खालच्या डायनामोवर गळतो. तोही काढून बघितला, कोरडा ठणठणीत. मग मी बॉनेटवर वाकलो आणि ऐकायला लागलो. इंजेक्टर टिकटिकत होते, पट्टा गुणगुणत होता, बाकी काही नाही. मी तासभर वाकून होतो. माझ्या हाताखाली एक टोंगन मुलगा शिकतो. तो पलीकडे टायर काढत होता. हात पुसत आला, जवळ उभा राहिला आणि म्हणाला, 'बॉस, ते सुईसारखं कोण शिट्टी वाजवतंय?'

मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने बोट केलं त्या जागी, मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला, मी एक नळी चिमटीत धरून दाबली. इंजिन त्या क्षणी सावरलं. माझ्या बोटांनी ते टिपलं, गाडीवर टेकलेल्या त्याच्या बोटांनीही टिपलं. शिट्टी थांबली, असं तो म्हणाला.

मग कानांची तपासणी केली. ऑडिओलॉजिस्टने कागदावरची रेघ दाखवली: खालच्या स्वरांपाशी नीट चालते, आणि चार हजार हर्ट्‌झपाशी घसरून खड्ड्यात जाते. आयुष्यभर इम्पॅक्ट गन आणि एअर चिझल चालवणाऱ्या माणसाची हीच रेघ येते, म्हणाली. म्हणजे चाळीस हर्ट्‌झची गुरगुर मला अजून जशीच्या तशी ऐकू येते, आणि चोरट्या हवेची बारीक शीळ, जी पकडण्यावर माझं नाव होतं, तेवढीच नेमकी गेली. ती कधी गेली हेही मला कळलं नाही. जे ऐकू येत नाही ते नाहीच असं कान सांगतो, आणि आपण विश्वास ठेवतो.

आता धुराचं यंत्र आणलं आहे. ते चांगलं आहे. धूर चिरेतून निघतो, कुणालाही दिसतो. तरी मी आधी त्या मुलाला डोळे मिटून ऐकायला लावतो, मग धूर सोडतो. रविवारी तो चर्चमध्ये गातो, पट्टी सुटलेली त्याला लगेच कळते. त्याचा कान माझ्या ऐन उमेदीतल्या कानापेक्षा चांगला आहे. हे मान्य करताना मला त्रास होतो, आणि त्याने बरोबर जागा सांगितली की आनंदही होतो. दोन्ही एकदमच होतं.

या शहरात दुसरी एक जागा आहे, जिथे सेल्सिऑर घेऊन लोक रांग लावतात. तिथे सरसकट सगळे बुश काढून पॉलियुरेथेनचे बसवतात. कधी फाटत नाहीत म्हणे. फाटत नाहीत हे खरं. रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीपर्यंत आणून पोचवतात हेही खरं. ज्यांनी जन्माच्या जागी कंप मारायला वर्षं घालवली, त्यांच्या गाडीत टणक प्लॅस्टिक कोंबणं याला दुरुस्ती म्हणायला माझी जीभ वळत नाही. सस्पेन्शन कापून गाडी जमिनीला टेकवणाऱ्या पोरांचा मला तेवढा राग येत नाही. त्यांना निदान वेगळी गाडी हवी असते. आणि नुसता स्कॅनर लावून कोड वाचणारे? रबराला कोड नसतो. त्याच वयाच्या जर्मन गाड्याही मी दुरुस्त करतो, त्यांचा मान राखतो, पण त्या सिग्नलला थोड्या थरथरल्या तर त्यांच्या स्वभावातच ते आहे. हिच्या नाही.

गाडी घ्यायला निघालेले लोक मला विचारतात तेव्हा मी त्यांना नको असलेलं सांगतो. न्यूझीलंडने १९९८ मध्ये मोटारींवरचं आयात शुल्क काढलं, त्याच वर्षी इथले उरलेले जोडणीचे कारखाने बंद पडले, आणि जपानी जुन्या गाड्या इथल्या घराघरात पोचल्या. उजव्या हाताचं स्टेअरिंग दोन्हीकडे असल्याने कुणाला काही बदलावं लागलं नाही. या गाड्या जपानातल्या लिलावांतून येतात, बरोबर एक कागद येतो. त्यावर गाडीचा नकाशा, ओरखड्याला ए, पोच्याला यू, दुरुस्त केलेल्या पत्र्याला डब्ल्यू. लोक तो कागद कुंडलीसारखा वाचतात. त्या नकाशावर रबराला अक्षर नाही. आणि सगळे शोधतात कमी चाललेली गाडी. साठ हजार किलोमीटर, एकच मालक, झाकून ठेवलेली! मी सांगतो, त्यापेक्षा दोन लाख चाललेली बघा, नेमाने चाललेली. उभ्या गाडीत रबर वाळतं, सील आखडतात, फाउंडेशन एका कुशीवर बसून राहतं. अमेरिकेत मॅट फराह यांच्या १९९६ च्या एलएस ४०० ने २०१९ मध्ये दहा लाख मैल ओलांडले. ती गाडी कुणी झाकून ठेवली नव्हती. हे ऐकून बहुतेक जण हसतात आणि कमी चाललेलीच घेतात. मग माझ्याकडे येतात.

रबर मिळणंही दिवसेंदिवस कठीण होतं आहे. पहिल्या पिढीची कितीतरी रबरं आता जपानातूनच येत नाहीत. बाजारात जी स्वस्त फाउंडेशन मिळतात त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात द्रवच नसतो. बाहेरून हुबेहूब, आत भरीव. मी अस्सल फाउंडेशनची एक जोडी मागच्या फळीवर बाजूला ठेवली आहे, माझ्या स्वतःच्या गाडीसाठी. डेंटिस्टताईंच्या गाडीची फाउंडेशनही थकलेली निघाली, तेव्हा मुलाने त्या खोक्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो. जपानहून एका जुन्या दुकानदाराकडून दुसरी येईपर्यंत गाडी तशीच दिली, आणि ताईंना ते सांगितलं. त्यांनी समजून घेतलं. मुलाला ते पटलं नाही, आणि तो तसं तोंडावर बोलला.

आता पुढच्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट खाली घ्यायचा आहे. मधल्या बेअरिंगखाली वॉशर किती आहेत, कोणत्या बाजूला आहेत, हे काढण्याआधी लिहून ठेवायचं, जोडांवर खूण करायची, आणि मगच नट सैल करायचे. कोन जरासा चुकला तर नव्वदच्या वेगाला एक नवीनच गुणगुण सुरू होते, आणि ती चाळीसमध्ये बसत नाही, पाचमध्येही नाही. ती खालच्या स्वराची असते, मला ऐकू येते. ती कशी ओळखायची हे मी त्याला शिकवणार आहे. खूण करायच्या आधीच पाना लावायची त्याची घाई मात्र अजून गेलेली नाही.