स्वस्त संशय

घरातील संगणक बंद पडला म्हणजे घरातील प्रत्येक माणसाच्या मुखातून जे पहिले वाक्य बाहेर पडते ते सर्वत्र एकच असते: ‘मी काहीच केले नाही.’ नळ गळू लागला, मिक्सरातून धूर निघाला किंवा छताचा पंखा थांबला, तर असा खुलासा कोणी कोणास देत बसत नाही. परंतु संगणकापुढे बसलेला मनुष्य, मग तो निवृत्त मामलेदार असो वा आठवीतला विद्यार्थी असो, पडदा काळा झाल्याक्षणी आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत असे समजून, कोणी विचारण्यापूर्वीच आपले निर्दोषत्व जाहीर करून मोकळा होतो. पुण्याच्या पेठांतून, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरील एखाद्या जिन्याखालच्या गाळ्यात बसून संगणक दुरुस्त करणारा जो तरुण आढळतो, त्याच्या कामाचा आरंभ यंत्र उघडण्यापासून होत नाही. तो या वाक्यापासून होतो.

कारण हे वाक्य क्वचितच खरे असते, आणि ते खरे नाही हे तो बोलून दाखवीत नाही. जुन्या काळचा जाणता फौजदार घटनास्थळी पोहोचल्यावर मुद्देमालास हात न लावता प्रथम फिर्यादीची हकीकत जशी सावकाश, मध्ये न तोडता ऐकून घेई, त्याच सबुरीने हा तरुण समोरच्या ‘काकां’ची जबानी घेतो. काका, कधीपासून असे होते? वीज गेली होती का? आत पंखा फिरतो का, की काहीच आवाज येत नाही? शिट्ट्या वाजतात का? घरात कोणी परवा काही नवीन टाकले होते का? ‘कालपर्यंत उत्तम चालला होता’ असे ठासून सांगणारे काका चौथ्या-पाचव्या प्रश्नापाशी येईतो कबूल करतात की गेले पंधरा दिवस तो सुरू होण्यास फार वेळ घेत होता, मधूनच आपोआप बंद पडे, आणि हो, नातवाने एक खेळ उतरवून घेतला होता खरा. एवढी हकीकत हाती आली म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे. पेचकस अजून खणातच असतो.

या माणसाची विद्या नेमकी कशात आहे याचा विचार करताना आपण सहसा चुकीच्या जागी पाहतो. त्याला यंत्राचे ज्ञान असते यात नवल नाही. ते पुस्तकांतून आणि चलच्चित्रांतून आता कोणासही मिळते. त्याचे खरे वैशिष्ट्य संशयाच्या क्रमात आहे. जो दोष सर्वांत स्वस्त, सर्वांत क्षुल्लक, सांगितला तर हसू येईल असा, त्याचा संशय तो प्रथम घेतो. आणि त्याचा निरास झाल्यावरच त्याहून महाग दोषाकडे वळतो. प्लग नीट बसला आहे काय, पडद्याची वायर ढिली आहे काय, मागचे बटण चुकून बंद झाले आहे काय, आतल्या पंख्यावर धुळीचा गालिचा जमून यंत्र तापत आहे काय, अशा पायऱ्यांनी तो वर चढतो. मदरबोर्ड जळाला असेल हा विचार त्याच्या मनात असलाच तर अगदी शेवटच्या पायरीवर असतो.

रॅमची गोष्ट यांत सर्वांत रम्य. संगणक सुरू होत नाही, पडद्यावर काही उमटत नाही, आतून लांब लांब शिट्ट्या ऐकू येतात, आणि घरचे लोक नव्या यंत्राच्या किमतीची चौकशी करू लागलेले असतात. अशा वेळी हा तरुण झाकण उघडतो, रॅमची हिरवी पट्टी खाचेतून अलगद काढतो, आणि खणातून काय काढावे तर शाळकरी पोराचे पांढरे खोडरबर. पट्टीच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा दिलेले जे दाते असतात, त्यांवर दमटपणाने आणि धुळीने मळाचा एक सूक्ष्म थर चढतो आणि विद्युत्संकेतांची वाट अडते. तो थर त्या रबराने हळुवार पुसून, भुकटी झटकून, पट्टी ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत पुनश्च खाचेत दाबली की पुष्कळदा संगणक निमूटपणे सुरू होतो. कोकणात, जेथे जून ते सप्टेंबर हवाच पाण्याने जड झालेली असते, तेथील दुरुस्तीवाल्याचे रबर इतरांच्या आधी झिजत असले पाहिजे.

मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. सीआर 2032 हे तिचे नाव, कारण तिचा व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2 मिलिमीटर. वीज नसतानाही संगणकाच्या घड्याळास चालते ठेवणे हे तिचे काम. काही वर्षांनी तिचे 3 व्होल्ट क्षीण होतात, आणि संगणक प्रत्येक वेळी जागा होताना काही वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा तारखेस जागा होतो. येथवर फारसे बिघडले नाही. परंतु बँकेच्या किंवा वीजबिलाच्या संकेतस्थळाजवळ आपल्या सचोटीचे जे डिजिटल प्रमाणपत्र असते त्यावर मुदतीचा आरंभ आणि शेवट लिहिलेला असतो, आणि ज्याच्या हिशेबी ती मुदत अद्याप सुरूच झालेली नाही असा संगणक त्या प्रमाणपत्रास खोटे ठरवून ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असा लाल शेरा मारतो. मग घरात काय काय होते! विषाणू शिरला असे एकजण म्हणतो, इंटरनेट पुरवणाऱ्यास दुसरा शिव्या देतो, परदेशातील मुलगी दूरध्वनीवरून नवा राउटर घेण्याचा सल्ला देते व तो घेतलाही जातो. गाळ्यातला तरुण मात्र पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारखेकडे एक दृष्टी टाकतो आणि नखाने ती जुनी बॅटरी उचकटतो. नवी बॅटरी अगदी थोडक्या पैशांत मिळते.

कधी कधी दोष संगणकात नसून वास्तूत असतो. ‘हात लावला की झिणझिण्या येतात’ ही फिर्याद जुन्या वाड्यांतून वारंवार येते. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी जे लहान कपॅसिटर असतात त्यांची वाट अर्थिंगकडे जाते. ते अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला कोणी दोन पिनांचे ठिगळ जोडले असेल, तर 230 व्होल्टांचा सुमारे निम्मा दाब लोखंडी पेटीवर येऊन बसतो. प्रवाह अत्यल्प असल्याने इजा सहसा होत नाही, पण बोट दचकते. यंत्र चारदा बदलले तरी ही झिणझिणी जाणार नाही. येथे वायरमन बोलवावा लागतो, आणि तसे स्पष्ट सांगून संगणक न उघडताच परत देणारा दुरुस्तीवाला मी आदरणीय मानतो.

याच्या उलट जो पहिल्या नजरेत ‘बोर्ड गेला’ असे म्हणतो, त्यापासून दूर राहावे. बोर्ड जातो, नाही असे नाही. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेल्या कपॅसिटरांची एक दुष्ट पैदास जगभर पसरली होती आणि त्या काळी कित्येक मदरबोर्डांवरील ती लहान नळकांडी माथ्यावर फुगून, फुटून पाझरत. परंतु तेव्हाही जाणत्यांनी बोर्ड न फेकता ती नळकांडी तेवढी काढून, पुण्याच्या तपकीर गल्लीतील बाजारातून नवी आणून, डाख देऊन बसवली. महाग दोषाचा संशय आधी घेण्यात दुरुस्तीवाल्याचा लाभ आहे, आणि स्वस्त दोषाचा आधी घेण्यात त्याचे नुकसान आहे; हे ज्याला ठाऊक असूनही जो क्रम बदलत नाही, त्याच्या नीतीविषयी वेगळा दाखला मागण्याची गरज नाही.

मराठी घरांची म्हणून एक खास आपत्ती आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 सालीच जागा मिळाली, तरी आपल्याकडे लेखक, प्राध्यापक आणि मुद्रक मंडळी त्यानंतरही दीर्घकाळ जुन्या फाँटांतच लिहीत राहिली, ज्यांत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असून केवळ त्यांच्या अंगावर मराठी रूप चढवलेले असते. संगणक पुसून नव्याने बसवला की तो फाँट नाहीसा होतो, आणि एखाद्या वयोवृद्ध गृहस्थाने पाच वर्षे खपून लिहिलेला ग्रामदैवताचा इतिहास स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगा होऊन समोर येतो. सर्वस्व गेले अशा मुद्रेने ते गाळ्यात येतात. तरुण त्यांना खुर्ची देतो, फाँटचे नाव विचारतो, ते अर्थातच आठवत नाही. मग जुन्या एखाद्या छापील पानावरील ‘श’ची आणि ‘ल’ची वळणे पाहून तो आपल्या संग्रहातील एकेक फाँट लावून बघतो, आणि कधीतरी ते सर्व पान क्षणार्धात मराठी होते. पुढे सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या असे तो बजावतो, परंतु ते त्या आनंदात ऐकू जात नाही.

वाय-फायच्या तक्रारींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. राउटर लोखंडी कपाटामागे दडवून ठेवणाऱ्यांनी दोन फूट जाड भिंतीपलीकडच्या खोलीत चित्रपट अडखळतो म्हणून रागावू नये, एवढे पुरे. पडद्यावर अकस्मात भोंगा वाजून ‘आपला संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा जो हुकूम येतो, तो मात्र कधीही पाळू नये. यंत्र बंद करावे, आणि या फसवणुकीत पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता 1930 या सरकारी क्रमांकावर कळवावे.

स्वस्त संशय घेण्याची ही विद्या आता चहूबाजूंनी अडचणीत येत आहे. पातळ लॅपटॉपांच्या हव्यासात रॅम बोर्डावरच डाख देऊन कायमची बसवली जाते. तेथे खोडरबराने काय पुसावे? बॅटऱ्या चिकटवून टाकल्या जातात. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले हे स्वागतार्ह, परंतु चिकटवलेले झाकण संकेतस्थळाने उघडत नाही. आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल संपली, तेव्हा ज्यांत काडीचाही बिघाड नव्हता अशी असंख्य यंत्रे, पुढच्या आवृत्तीस लागणारी सुरक्षाचिप किंवा तितका नवा प्रोसेसर त्यांत नाही एवढ्याच कारणाने कालबाह्य ठरली. त्यांपैकी काहींत मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालून आणि लिनक्स बसवून हा गाळ्यातला तरुण त्यांना अद्यापि कामास लावतो. पण उत्पादकच ज्याला मृत म्हणतो त्याला जिवंत म्हणणाऱ्याचे गिऱ्हाईक किती दिवस ऐकेल, याची मला शंका वाटते.

म्हणून वाचकांस एक विनंती. दोष धुळीचा निघाला, ढिल्या वायरीचा निघाला, की हा मनुष्य संकोचाने म्हणतो, ‘राहू द्या काका, काही विशेष नव्हते,’ आणि आपणही ते मोठ्या तत्परतेने राहू देतो. बोर्ड गेल्याचे खोटे सांगणाऱ्यास मात्र हजारो रुपये मुकाट्याने मोजतो. तसे करू नये. त्याचा तास गेलेला असतो. त्याचे पैसे, त्याने मागितले नाहीत तरी, हातात ठेवावेत, आणि घरातील छायाचित्रांची व कागदपत्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर उतरवून देण्याचे काम त्याच भेटीत त्याच्याकडे सोपवून त्याचाही मेहनताना वेगळा द्यावा.