चुन्याचा धडा : मेणवलीच्या वाटेवर

वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि १७३९ साली वसईच्या मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज घंटा पाहायला तेथे लोक जातात. मी मात्र वाटेतच उतरलो. एका जुन्या वाड्याची डागडुजी चालली होती आणि म्हातारे गवंडीमामा चार पोरांना चुन्याचे काम शिकवीत होते. पाचवा मी.

कारण घरचेच. आजोबांच्या घराच्या भिंतीला ओल येई, म्हणून वीस वर्षांपूर्वी मीच सिमेंटचा गिलावा करून घेतला. ओल थांबली नाही, वर चढली. लोणा लागून आत विटांचा भुगा झाला. ऐकून मामा म्हणाले, "साहेब, भिंतीचं नाकतोंड बांधलंत की!" चुन्याचा गिलावा आतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते.

पहिला दिवस नुसता चुना विरवण्यात गेला. पाण्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचे नाही. खदखदून उकळी फुटते, डोळे सांभाळावे लागतात. मग गाळून तो पाण्याखाली मुरवायचा. मुरलेला चुना लोण्यासारखा हाताला लागतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू व सुरखी मिळून, असे माप घाणीत पडले. घाणीला आता बैल नाहीत, चाक मोटारीवर फिरते. वरून गुळाचे पाणी, हिरडा आणि बेलफळाचा गर. गूळ किती, हे मी वहीत लिहून घेऊ लागलो. मामा हसले. "बोटाला चिकटेल इतका." खताची मात्रा किलोत सांगणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी थापी हाती आली. मी कोरड्या भिंतीवर एकदम इंचभर थर मारला. संध्याकाळपर्यंत त्याला भेगा पडल्या. मामांनी तो मुकाट्याने खरवडला. भिंत आधी पाणी पाजून तृप्त करायची, थर पातळ द्यायचा, आवळत आला की थापीने दाबायचा आणि ओली पोती टांगून काही दिवस ओलावा राखायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून चुना सावकाश दगड होतो. उन्हाने घाईत सुकला, की भुसभुशीत राहतो.

चौथ्या दिवशीचा माझा हातभर गिलावा मामांनी टिचकी मारून पाहिला आणि तसाच राहू दिला.

घरी येऊन छिन्नी घेतली आहे. सिमेंटबरोबर विटांचे तुकडेही निघतात, म्हणून हळू चाललो आहे. दोन हात भिंत मोकळी झाली. परसात पिंपात चुना मुरतो आहे.