कूलरसमोरची शाळा

तुमच्या टू बीएचकेमध्ये काय काय मावतं? टीव्ही, फ्रिज, दिवाण, दिवाणाच्या पोटात गाद्या, माळ्यावर लग्नातली भांडी... बरोबर? आमच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये या सगळ्याशिवाय एक अख्खी शाळा मावते. अर्थात, ती मावायला दोन उन्हाळे, एक सुतार आणि अकोल्याचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, लागले.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही लेकाला शाळेतून काढलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पहिली-दुसरीचा बराचसा काळ मोबाइलच्या स्क्रीनसमोर गेलेला. २०२१ च्या फेब्रुवारीत तर अमरावती आणि अकोल्यात पुन्हा लॉकडाऊन लागला होता. त्या दिवसांत लक्षात आलं, की हा पोरगा घरी, आपल्या वेगाने, मस्त शिकतो. माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरूनच. नवराही तयार झाला. शाळेबद्दल आमची तक्रार काहीच नव्हती.

तक्रार मामाजींची होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर ते. ऐकून एकच वाक्य बोलले, ‘म्या पस्तीस वर्षं पोरं शिकवले, अन् माह्याच नातवाले शाया नाई?’ आणि मग कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्या वाक्याने मी इरेला पेटले. घरची शाळा कशी झकास असते, ते दाखवतेच! गॅलरी बंद करून घेतली. सुताराकडून छतापर्यंत रॅक केला. फोल्डिंग टेबल, रंगीत डबे, प्रत्येकावर लेबल. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. वा, वा, क्या बात है! अंगठ्यांचा पाऊस पडला. मामाजींचा अंगठा तेवढा आला नाही.

मग एप्रिल उजाडला. वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसकडे निघाला की घरातली यच्चयावत माणसं एकाच खोलीत, कूलरसमोर. गॅलरीची तर भट्टीच झाली. शाळा निमूटपणे हॉलमध्ये आली आणि सोफा, डायनिंग टेबल, टीव्हीचं टेबल, सगळीकडे पसरली. कूलरच्या दमट वाऱ्याने पुस्तकांची पानं पापडासारखी वळली. मी मीटिंगमध्ये म्यूट करून ओरडायची, ‘पसारा उचल!’ तो तरी कुठे उचलणार? त्याचे डबे वरच्या कप्प्यात. काढायचं म्हटलं तरी आई आणि ठेवायचं म्हटलं तरी आईच.

एका दुपारी तो शांतपणे म्हणाला, ‘आई, शाळेत निदान माझं दप्तर तरी माझं होतं.’

खल्लास! दहा महिने मी जे उभारलं, ते मुलासाठी नव्हतंच. ते फोटोसाठी होतं. आणि खरं सांगायचं तर मामाजींसाठी.

त्याच सुमारास ताराबाई मोडकांबद्दल वाचत होते. लग्नानंतर अमरावतीत राहून गेलेल्या या बाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं आदिवासी मुलांसाठी कुठून आणणार? मग शंख-शिंपले, पानं, खडे, बिया हीच साधनं झाली. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, तिथलाही फंडा सोपा होता : टेबल-खुर्च्या मुलांच्या मापाच्या आणि कपाटं ठेंगणी. वस्तू मुलाने स्वतः घ्यायची, स्वतःच जागेवर ठेवायची.

सुताराला परत बोलावलं. ‘ताई, चांगला रॅक कापता?’ तो हळहळला. पण कापला. दोन ठेंगणे रॅक झाले, खाली चाकं लावली. आता होळी झाली, कूलर बाहेर निघाला की रॅक हॉलमध्ये येतात, वाऱ्याच्या झोतापासून दूर, पलीकडच्या भिंतीला. दिवाळीनंतर परत गॅलरीत, कोवळ्या उन्हात.

रॅकवर एका वेळी आठच गोष्टी. बाकी सगळं दिवाणात. दर रविवारी अदलाबदल, आणि काय काढायचं ते तो ठरवतो. डबे मिठाईचेच, पण झाकण पारदर्शक, म्हणजे लेबल नको. कात्री, पट्टी, दोरी खुंटीवर. आठवडाभराच्या कागदांतले दोन त्याच्या पसंतीने फाइलमध्ये, उरलेले रद्दीत. पहिल्यांदा जिवावर येतं, नंतर सवय होते.

एक फाइल मात्र माझ्या कपाटात, कुलपात. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाही. चौदा पूर्ण झाली की एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावीला बसता येतं. रात्री कधी धास्ती वाटली की मी ती फाइल उघडून बघते. कागद जागेवर असले की झोप लागते.

दर पंधरा दिवसांनी आम्ही अकोल्याला जातो. शाळा एका कापडी पिशवीत बसते. एकदा जाताना लेकाला सांगितलं, की २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना अशी ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग बांधली, गिनेस विक्रम झाला. ताशी किती? आजोबांच्या ओसरीवर बसून तो भागाकार करत राहिला. चुकला. मामाजी पेपर वाचत होते. पेपर खाली आला. ‘आधी मिनिटाचे तास कर नं बाप्पा!’ उत्तर आलं, ताशी जेमतेम ७१० मीटर. दोघंही खूश.

पुढच्या खेपेला गेलो, तर मामाजींच्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा. तिथल्या सत्काराच्या शाली वर, माळ्यावर गेल्या होत्या. कप्प्यात त्यांच्या जुन्या पेटीतली दगडी पाटी, चिंचोके आणि घडीवर फाटलेला जिल्ह्याचा नकाशा. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पोराच्या हाताले लागलं पाह्यजे.’

म्हणजे पटलं का त्यांना? छे! निघताना दर वेळी विचारतात, ‘अवंदा टाकतं का वं शायेत?’ मी हसून पिशवी भरते. हल्ली ती जरा हलकीच असते. पाटी आणि चिंचोके अकोल्यालाच राहतात.