समोरासमोर दोन रिक्षा

गेल्या शनिवारी इथे काही लिहिलं नाही. कारण? ॲप्रेझलचे फॉर्म! टीममधल्या प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहायच्या, आणि त्यातल्या एका ओळीने माझा हा आठवडा खाल्ला.

आम्ही तिघंच. मी मॅन्युअल वाचल्याशिवाय कशाला हात न लावणारा (नवा मिक्सर आणला तरी आधी पुस्तिका, बायको हसते). दुसरा खटपट्या. आधी चालवणार, फुटलं तर बघू! आणि तिसरी, दीड वर्षापूर्वी आलेली. तिला काहीही सांगा, ती मार्कर घेऊन बोर्डापाशी. चौकोन, बाण आणि वर प्रश्न. "थांब थांब, हे आधी की ते आधी?" अर्ध्या तासाची मीटिंग तासावर जाते. "अगं, आधी डॉक्युमेंट वाच ना" असं मी तिला सगळ्यांसमोर एकदा नाही, चारदा म्हटलंय.

तर तिच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, 'नवीन गोष्ट समजायला वेळ लागतो.' सेव्ह केलं. सबमिट बाकी होतं.

बुधवारी बग आला. रात्री मधूनच एखादी ऑर्डर अडकायची. एरर काय, तर डेडलॉक. रोज नाही, अधूनमधून. म्हणजे छळच!

मी अर्थातच वाचायला बसलो. दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडून बसली की डेटाबेस त्यातल्या एकाला मारून टाकतो. म्हणजे एरर जिथे दिसली तिथेच चूक असेल असं नाही. खटपट्याने तोवर स्क्रिप्ट लिहून शेकडो वेळा पळवली. निष्कर्ष : पैसे न आलेल्या ऑर्डरी रद्द करणारा रात्रीचा जॉब चालू असेल तरच एरर येते. छान! पण पुढे दोघांचीही गाडी अडली. ऑर्डर पक्की करणारा कोड बरोबर, जॉबचा कोड बरोबर. वाचून बरोबर, एकेकटा चालवून बरोबर.

ती बोर्डापाशी गेली. दोन चौकोन. ऑर्डर, स्टॉक.

"पैसे आले की आधी काय लॉक होतं?"

मी म्हटलं, ऑर्डर. मग स्टॉक. तिने बाण काढला.

"आणि रद्द करताना?"

खटपट्याने लॉग बघितला. "आधी स्टॉक... मग ऑर्डर. अरे!"

उलटा बाण. बोळात समोरासमोर आलेल्या दोन रिक्षा. मागे कोणीच घेणार नाही! दोन्हीकडे आधी ऑर्डर, मग स्टॉक असा क्रम केला आणि विषय संपला. बदल जेमतेम दोन ओळींचा.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "व्हिज्युअल लर्नर असेल ती." मला हे लेबल पटत नाही. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने बघून, ऐकून, वाचून-लिहून, करून असे शिकण्याचे चार प्रकार मांडले, ते खूप गाजले. पण ज्याचा जो प्रकार, त्याला तसंच शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवून दिलं. सवय खरी, आवड खरी. कपाळावर लिहिल्यासारखं काही नाही.

मला आठवला तो एलियट ॲरन्सन. 1971, टेक्सासमधलं ऑस्टिन. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा नुकत्या एकत्र झालेल्या, वर्गात तणाव. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक दिला. बाकीचा धडा हवा तर दुसऱ्याचं ऐकावंच लागणार, तो कितीही अडखळत बोलला तरी.

बुधवारी माझा तुकडा माझ्याकडे होता, खटपट्याचा त्याच्याकडे. तिने विचारेपर्यंत आम्ही ते शेजारी ठेवून बघितलेच नव्हते. खरं तर त्याने मला जॉबबद्दल सांगितलं तेव्हा मी वाचत होतो. नुसतं "हं" म्हटलं होतं.

काल फॉर्म परत उघडला. ती ओळ खोडली. त्याजागी काय लिहायचं यात तासभर गेला. शेवटी बुधवारी जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, बग नंबरासकट. सबमिट.

मग माझा स्वतःचा फॉर्म. 'सुधारणेला वाव' या रकान्यात मी दर वर्षी 'पब्लिक स्पीकिंग' लिहून मोकळा होतो. या वेळी ते खोडलंय. सोमवारी सकाळी दहापर्यंत मुदत आहे. आत्ता रविवारचे रात्रीचे अकरा वाजलेत, आणि रकाना अजून रिकामा आहे...