तरंगलेला थेंब

मराठवाड्यातला शरद कवितेतल्या शरदासारखा नसतो. दिवसा ऑक्टोबरचे ऊन अंग भाजून काढते आणि पहाटे मात्र पायाशी पडलेली गोधडी गळ्यापर्यंत ओढून घ्यावी लागते. या दोहोंच्या मधल्या संध्याकाळीच काय तो आमच्या हिंगोली जिल्ह्यात शरद असतो. कयाधूला अजून पाणी असते. वसमतकडे हळदीची पाने दाट वाढलेली असतात आणि मळणीयंत्रांच्या धुरळ्याला वाळल्या सोयाबीनचा कोरडा वास असतो. (हे सोयाबीन घरात राहत नाही. दिवाळीचा बाजार व्हायचा म्हणून ते रानातून परस्पर मोंढ्यावर जाते.) घरात राहतात ती सीताफळे. डोळे उघडू लागलेली फळे धान्यात दडवून ठेवायची आणि कोणाचे आधी पिकले यावर मोठ्या माणसांनीही भांडायचे, हे आमचे वर्षातले एक खात्रीचे सुख. दुसरे, हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा पाहून धुळीने माखून परतणे. आणि तिसरे, कोजागरीला गच्चीवर दूध आटताना नुसते पाहत बसणे.

२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि कोजागरी १६ ला. या मधल्या दिवसांत आम्ही चौघे, म्हणजे दोघे भाऊ आणि दोघी जावा, आयुष्यात प्रथमच रक्त द्यायला गेलो. कल्पना धाकटीची. तिच्या बहिणीला बाळंतपणात नांदेडला हलवावे लागले होते आणि तेथे दोन पिशव्या रक्त चढले, म्हणून ती वाचली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, पैसे घेऊन रक्त देणे आपल्या देशात बंद झाले. तेव्हा त्या दोन पिशव्या कोणीतरी दिलेल्या होत्या, विकलेल्या नव्हत्या. कोणी, ते कळण्याची सोय नाही. मग ते ऋण फेडायचे तरी कोणाकडे? धाकटीने त्यावर काढलेला मार्ग सरळ होता. शिवाय दिवाळीच्या सुटीत महाविद्यालये बंद असतात, शिबिरे होत नाहीत आणि राज्यातल्या रक्तपेढ्यांत दरवर्षी तुटवडा पडतो, हेही तिने कोठेतरी वाचून ठेवले होते.

शिबिरात आधी वजन, मग रक्तदाब आणि मग मोरचुदाच्या निळ्या द्रावणाची कुपी. बोटाला सुई टोचून एक थेंब त्यात सोडतात. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे, म्हणजे दर १०० मिलिलिटरला साडेबारा ग्रॅम असेल, तर तो जड थेंब काही क्षणांत तळाशी जातो. इतकी साधी, इतकी निष्ठुर परीक्षा आम्ही दुसरी पाहिली नाही. भावांचे थेंब खड्यासारखे बुडाले. थोरलीचा मध्येच रेंगाळला. धाकटीचा वरच तरंगत राहिला.

तिला वाटले, नवरात्रातल्या उपासांमुळे असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नऊ दिवसांत इतके उतरत नाही. हे वर्षानुवर्षांचे आहे. आमच्या घरात कोणी उपाशी राहत नाही. पण ताटांचा क्रम ठरलेला आहे: आधी रानातला डबा, मग मुले, मग पुरुष, मग आई, आणि सर्वांत शेवटी या दोघी, आणि भाजीचे पातेले तोवर तळाला गेलेले असते. त्यावर लगेच चहा, जो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. हा आकडा छापील असताना आम्हांला दुसऱ्या कोणाच्या तरी घरचा वाटला होता.

भावांच्या रक्तदानाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. साडेतीनशे मिलिलिटर, दहाएक मिनिटे, हातात दाबायला चेंडू, नंतर बिस्किटे. धाकटा पिशवीकडे पाहायचे टाळत होता. त्या पिशवीतल्या तांबड्या पेशी फार तर सहा आठवडे टिकतात आणि प्लेटलेट अवघे पाच दिवस, असे परिचारिकेने सांगितले तेव्हा धाकटी दारातून म्हणाली, "म्हणजे हे साठवून ठेवायचं नाहीच, सारखं आणतच राहायचं." ती बाहेर थांबली नव्हती, परत पाठवल्यावरही खुर्चीशेजारी उभी राहून तिने सगळे पाहून घेतले.

कोजागरीला दूध आटले. जावांना लोहाच्या गोळ्या दुधासोबत घ्यायच्या नव्हत्या, म्हणून त्यांनी त्या संध्याकाळीच लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्या होत्या. आईने न बोलता पहिले दोन पेले त्यांच्याकडे सरकवले. दोघींनाही अवघडल्यासारखे झाले आणि थोरलीने आपला पेला सवयीने मुलाला दिला. तो तिला परत देववण्यात थोडा वेळ गेला.

ताटांचा क्रम एका रात्रीत बदलला नाही. डबा अजूनही आधीच जातो. पण भाजी काढताना दोघींची आता वेगळी काढून ठेवतात, आणि चहा तासभर उशिरा होतो, याबद्दल पुरुषांची कुरकुर असते. थोरलीने त्या पौषात रक्त दिले. धाकटीचा आकडा संक्रांतीला १२.१ आला. चार दशांश कमी. तिने गोळ्यांचे नवे पाकीट मागून घेतले.