गावातला अबोला

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्ये पाटाला पाणी सुटलं होतं, त्यात दिवस कसे गेले कळलं नाही. त्यातच आईचा फोन. पुण्याच्या फ्लॅटमधला भाडेकरू दिवाळीला जागा सोडतोय, "आता तरी परत या गं" म्हणाली. 2014 मध्ये अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आजारपणासाठी 'एक-दोन वर्षं' म्हणून आलो होतो. अण्णा 2019 मध्ये गेले. आम्ही अजून इथेच.

इथे म्हणजे राहात्याजवळच्या एका लहानशा गावात. नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचून हे कोणाबद्दल आहे ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. नगर-मनमाड रस्ता सोडला की पेरूच्या बागा लागतात, मग ऊस, मग आम्ही. शिर्डी इतकी जवळ, की पाहुण्यांना आमच्यापेक्षा साईबाबांचीच ओढ जास्त! (आत्या, रागावू नकोस.)

सुरुवातीला मला खुपायचं ते एकटं राहू न देणं. भरदुपारी दार लावलं की बाया विचारायच्या, "बरं नाही का?" पगार किती, दुसरं मूल कधी, सगळं ओट्यावर. पुण्यात समोरच्या दाराआड कोण राहतं हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं, आणि त्याची कधी खंतही वाटली नव्हती.

पण उमगायला सगळ्यात वेळ लागला तो तात्यांना. तात्या अण्णांचे चुलतभाऊ, शेताला शेत लागून. त्या बांधावरूनच दोन घरांत बोलणं बंद. दोनदा मोजणी झाली, कोर्टात दावा चालू. 2017 च्या जूनमध्ये आमच्याच तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, तेव्हा मारुतीच्या पारावर दोघंही रोज हजर. एकाच मागणीला दोघांच्या माना डोलायच्या, तोंडं मात्र दोन दिशांना. मला हसू यायचं.

अण्णा पहाटे गेले. नवरा अजून नातेवाइकांना फोनच लावत होता, तोवर तात्यांचा ट्रॅक्टर वाळलेली लाकडं घेऊन स्मशानाच्या वाटेला लागलेला. कोणी सांगितलं नव्हतं. दहा दिवस सुतक पाळलं, दहाव्याला डोकं केलं. मला वाटलं, संपला अबोला. मी शहाणी, तेराव्यानंतर चहाचं बोलावणं धाडलं. आले नाहीत. पुढच्या तारखेला त्यांचे वकील हजर. इतका राग आला... ढोंगी माणूस, असं नवऱ्याला म्हणालेही. तो म्हणाला, "अगं, लाकडं अण्णांसाठी होती. बांध अजून तिथेच आहे ना?"

असो. तर परवाचं आवर्तन. नांदूर-मधमेश्वरहून निघणारा गोदावरीचा उजवा कालवा इंग्रजांच्या काळातला, त्याच्या पाण्यावर इथला ऊस आणि पेरू. चारीवर पाळी लागते, ती रात्री दोनला आली तर दोनला. नवरा मुंबईला, गडी आजारी. मग मीच फावडं घेऊन दारं धरायला गेले. अंधार, चिखल, आणि उसात बिबट्या (अफवा नव्हे, आहेत). बांधापलीकडे तात्या बॅटरी घेऊन उभे, पुढची पाळी त्यांची. चकार शब्द नाही. मध्येच एका वाफ्याचा वरंबा फुटला, मला सावरेना. त्यांनी काठीने माती कुठे टाकायची ते दाखवलं, पण बांध ओलांडला नाही. चार वाजता घड्याळ पाहून पाणी आपल्याकडे वळवलं, एक मिनिट वर नाही.

मी घराकडे निघाले तर बॅटरीचा झोत माझ्या पायांपुढे, थेट फाटकापर्यंत. कडी लागल्याचा आवाज झाला तसा तो फिरला.

सकाळी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते ना! रात्रीबेरात्री कसली गं ही कामं!" बरोबरच आहे तिचं. नवीन भाडेकरू बघायचा की नाही, हे एजंटला अजून कळवलेलं नाही. दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.